युरोपची 'सांस्कृतिक राजधानी' ठरते कशी? (ग्वाल्हेरच्या कट्ट्यावरचा वाद)

लष्करकर

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या दौलतगंजातल्या रविवारच्या कट्ट्यावर वाद पेटला त्याची ही गोष्ट. माझी भाची जर्मनीत चेम्निट्झ नावाच्या गावात शिकते. तिचं ते गाव २०२५ साली 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' होतं, म्हणजे युरोपीय संघ शहराला वर्षभरासाठी देतो ती पदवी. हे मी सहज बोललो आणि आमचे निवृत्त मास्तर उसळले. "कोण चेम्निट्झ? नाव तरी ऐकलंय का कुणी? आमच्याकडे तानसेन, हद्दू-हस्सू खाँ, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले, राजकवी तांबे! आम्हाला कोणी विचारत नाही आणि राजधानी कोण, तर चेम्निट्झ!"

पाच जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र भाचीला फोन लावला आणि मग आठवडाभर वाचत बसलो. जे कळलं ते मास्तरांना आवडणार नाही, म्हणून आधी इथे लिहितोय.

कल्पना मुळात ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री मेलिना मर्कुरी यांची. त्या आधी सिनेनटी होत्या. १९८५ मध्ये सुरुवात झाली, पहिला मान अथेन्सला. सुरुवातीची वर्षं मास्तरांच्या हिशेबाने बरोबर होती: अथेन्स, फ्लॉरेन्स, पॅरिस, म्हणजे ज्यांना कुणी सांगायची गरज नाही अशीच शहरं. मग १९९० मध्ये आलं ग्लासगो. जहाजबांधणी बसलेली, बेकारी वाढलेली, बाहेर नाव फारसं चांगलं नाही. तिथून सगळी गंमत बदलली. 'तुमच्याकडे काय आहे' हा प्रश्न मागे पडला आणि 'तुम्ही काय करणार' हा पुढे आला.

आता पद्धत अशी आहे. कोणत्या वर्षी कोणत्या देशाची पाळी हे आधीच ठरलेलं असतं. दर वर्षी युरोपीय संघातले दोन देश, आणि अधूनमधून संघाबाहेरचा एखादा (२०२४ मध्ये नॉर्वेचं बुडो (Bodø) हे शहर होतं, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर). देशाची पाळी येण्याच्या सहा वर्षं आधी त्या देशाचं सरकार अर्ज मागवतं. शहरांना निदान दहा महिने मिळतात. पहिल्या फेरीला साठ पानी अर्ज, त्यातून काही शहरं निवडली जातात. त्यांनी सुधारून शंभर पानी अर्ज द्यायचा, मग परीक्षक प्रत्यक्ष भेट देतात, शहर तोंडी परीक्षा देतं, आणि निकाल कार्यक्रमाच्या चार वर्षं आधी.

परीक्षक कोण? दहा स्वतंत्र तज्ज्ञ. तीन युरोपीय संसदेने नेमलेले, तीन मंत्रिपरिषदेने, तीन आयोगाने, एक प्रादेशिक समितीने. यजमान देश हवे तर आणखी दोन नेमू शकतो. म्हणजे दिल्लीहून आपल्या ओळखीच्या साहेबांनी फोन करून काम होईल, असं ते नाही.

आता मास्तरांना जे लागणार आहे ते. जर्मनीतून २०२५ साठी आठ शहरांनी अर्ज केले होते. त्यात ड्रेस्डेन होतं. राजवाडे, चित्रसंग्रह, ऑपेरा, सगळं जगप्रसिद्ध. ड्रेस्डेन पहिल्याच फेरीत बाद! आणि जिंकलं त्याच राज्यातलं चेम्निट्झ, जे १९९० पर्यंत कार्ल-मार्क्स-श्टाट म्हणून ओळखलं जायचं. चौकात मार्क्सचं सात मीटर उंच नुसतं डोकं बसवलेलं आहे, बाकी गिरण्या आणि कारखाने.

आपल्या भाषेत सांगायचं तर ग्वाल्हेर बाद आणि शेजारचं मुरैना विजयी.

---

शुद्ध निषाद

मुरैन्याला काही बोलायचं नाही हं, गजक (तिळाची मिठाई) तिथली आहे. :)

पण लष्करकर, 'आम्हाला कोणी विचारत नाही' हे मास्तरांना कुणी बोलू कसं दिलं? ३१ ऑक्टोबर २०२३ ला यूनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचं शहर' म्हणून सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतलं. त्याच दिवशी कोझिकोडला 'साहित्याचं शहर' म्हणून. एकूण पंचावन्न शहरं त्या खेपेला आली. आपल्या आधी संगीतात बनारस (२०१५) आणि चेन्नई (२०१७) होते. महाराज बाड्याच्या चौकात फटाके फुटले होते, मी स्वतः ऐकले.

---

लष्करकर

निषाद, बरोबर. पण मास्तरांना ते आठवत होतं की! त्यांचं म्हणणं, 'ते शहर वेगळं, राजधानी वेगळी.' आणि हे एका अर्थी खरंच आहे. यूनेस्कोचं हे सभासदत्व आहे, स्पर्धा जिंकून वर्षभर मिरवायची पदवी नव्हे. एका खेपेला एका देशातून दोनच शहरं, तीही वेगळ्या क्षेत्रांतली. देशाच्या राष्ट्रीय आयोगाची शिफारस लागते. चार वर्षांचा कृती आराखडा द्यावा लागतो. आणि पुढे दर चार वर्षांनी 'काय केलं' याचा अहवाल. म्हणजे आपली पाळी २०२७ च्या आसपास.

आणि ग्वाल्हेरात 'यूनेस्को' म्हटलं की लोक चार गोष्टींची खिचडी करतात. किल्ला संभाव्य वारसा यादीत आहे ते एक. ओरछ्याबरोबर ऐतिहासिक शहरी परिसराच्या प्रकल्पात आलो ते दुसरं. संगीताचं शहर तिसरं. चौथं म्हणजे व्हॉट्सअॅपवरचं, 'यूनेस्कोने आपलं राष्ट्रगीत सर्वोत्तम ठरवलं.' त्याला माझा दंडवत.

---

बडोद्याची सून

माहेर ग्वाल्हेरातलं लष्कर, सासर बडोदा, त्यामुळे दोन्हीकडून बोलते. आमच्याकडे 'संस्कारनगरी' ही पदवी कुणी दिली कुणास ठाऊक, पण रिक्षावाल्यापासून महापौरांपर्यंत सगळे वापरतात. सयाजीरावांनी मौलाबक्षांना घेऊन १८८६ मध्ये संगीतशाळा काढली, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, १९५० पासूनची ललितकला शाखा आहे. ड्रेस्डेनसारखंच सगळं आहे. मग आम्हीही पहिल्या फेरीतच बाद का?

---

पुणेकर जावई

पुण्याला अर्ज करावा लागत नाही.

---

राजवाड्याजवळची (इंदूर)

@पुणेकर जावई, हे उत्तर मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुम्हाला एक प्लेट पोहे-जिलेबी सप्रेम. गप्प बसून खा.

लष्करकर काका, प्रश्न गंभीर आहे. आमचं इंदूर 'स्वच्छ शहर' वर्षानुवर्षं पहिलं येतंय. ते आधी आराखडा बघून नाही, झालेलं काम मोजून. मग युरोपवाले नुसत्या कागदावर का देतात? कागद काय, कुणीही रंगवतो.

---

लष्करकर

ताई, नुसत्या कागदावर नाही. त्यांचे सहा निकष आहेत. मी सगळ्यांवर बोलत नाही, झोप येईल. दोन मला खटकले आणि नंतर पटले.

पहिला: शहराकडे अर्ज करतानाच संस्कृतीचं दीर्घकालीन धोरण मंजूर झालेलं असावं. 'निवडून आलो की धोरण करू' चालत नाही. नगरपालिकेने ठराव केलेला हवा आणि विरोधी पक्षांचाही पाठिंबा हवा, कारण मधल्या सहा वर्षांत सत्ता बदलते.

दुसरा, ज्याला ते 'युरोपीय परिमाण' म्हणतात. तुमच्या शहराचा मोठेपणा नाही विचारत. तुमच्या शहराचं दुसऱ्या देशांशी काय देणं-घेणं आहे आणि या वर्षात काय होणार, ते विचारतात. स्लोव्हेनियाच्या पाळीला राजधानी ल्युब्ल्याना अर्जात होती. जिंकलं कोण? नोवा गोरिचा. १९४७ मध्ये सीमा आखली तेव्हा जुनं गोरित्सिया इटलीत गेलं, म्हणून यांनी सीमेच्या आपल्या बाजूला नवं गाव वसवलं. रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकातून सीमारेषा जाते. त्यांनी अर्ज केला तोच शेजारच्या इटालियन गावाला हाताशी घेऊन. दोन देश, एक वर्ष. ल्युब्ल्यानाकडे काय कमी होतं? काही नाही. पण असा चौक तिच्याकडे नव्हता.

आणि 'दिलं आणि विसरलं' असंही नाही. निवडीनंतर देखरेखीच्या बैठका होतात: तीन वर्षं आधी, दीड वर्ष आधी, दोन महिने आधी. कबूल केलेलं केलं नाही तर मेलिना मर्कुरी पुरस्काराचे पंधरा लाख युरो अडकतात.

---

हिशेबनीस

मी इंदूरचाच, बँकेतून निवृत्त. पंधरा लाख युरो म्हणजे आपले साधारण पंधरा कोटी. एवढ्यात वर्षभर कार्यक्रम? आमच्याकडे एका उड्डाणपुलाचं रंगकाम होतं तेवढ्यात. बाकीचा पैसा कुणाचा?

---

लष्करकर

शहराचा, राज्याचा, देशाचा. पुरस्कार हा नुसता टिळा आहे हो. खरा खर्च त्याच्या कित्येक पट, म्हणून तर आधी पाठिंब्याचे ठराव मागतात.

परतावा? लिव्हरपूल २००८ चं उदाहरण सगळे देतात. तिथल्या दोन विद्यापीठांनी मिळून अभ्यास केला: ९७ लाख जादा भेटी, आणि त्यातून ७५ कोटी ३८ लाख पौंडांची उलाढाल. पण प्रत्येक शहर लिव्हरपूल नसतं. ग्लासगोमध्ये तर १९९० मध्येच कामगार कार्यकर्ते आणि लेखकांचा एक गट विरोधात उभा होता की हे सगळं बाहेरच्यांना दाखवायला आहे, आमच्या वस्त्यांचं काय.

आणि सगळ्यात वाईट नशीब लीड्स, डंडी, नॉटिंगहॅम, मिल्टन कीन्स आणि बेलफास्ट-डेरी यांचं. २०२३ ची पाळी ब्रिटनची होती. अर्ज तयार झाले, दिले गेले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने कळवलं की ब्रिटन संघातून बाहेर पडतोय, तेव्हा तुमची पाळीच रद्द. लीड्सने हट्टाने २०२३ मध्ये स्वतःचंच सांस्कृतिक वर्ष केलं. मला ते लोक आवडले.

---

शुद्ध निषाद

एक मुद्दा राहतोय. आशियात हे नाहीच का? बनारसचं काहीतरी वाचलं होतं.

---

राजवाड्याजवळची

शांघाय सहकार्य संघटना. बनारस २०२२-२३ ची पहिली 'पर्यटन आणि सांस्कृतिक राजधानी', नंतर कझाकस्तानचं अल्माटी. पण तिथे ज्या देशाकडे त्या वर्षी अध्यक्षपद, त्या देशातलं शहर. आठ शहरांनी साठ-साठ पानं लिहिली आणि ड्रेस्डेन पडलं, तसला प्रकार नाही. सार्कनेही २०१५ मध्ये बामियानला सांस्कृतिक राजधानी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी बांगलादेशातल्या महास्थानगडाला.

---

कंपूवाली काकू

मी इथे लिहीत नाही, वाचते. पण आज लिहिते.

लष्करकर, तुम्ही म्हणता 'काय करणार' विचारतात. संगीताचं शहर झाल्यावर आपल्याकडे काय झालं ते मी सांगते. एका संस्थेने (नाव घेत नाही, उद्या समोर दिसतील) बैठक बोलावली. विषय 'शहरातलं संगीत घराघरात'. मी गेले, कारण माझे सासरे चाळीस वर्षं घरी शिकवायचे. व्यासपीठावर नऊ खुर्च्या. नऊ हार. नऊ भाषणं. त्यात एकही गाणारा नाही. शिकवणारे आम्ही खाली पंख्याखाली. शेवटी एका मुलीला 'सरस्वतीवंदना म्हण' सांगितलं, आणि ती म्हणत असताना मागे खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. पेटीही सुरात नव्हती. पांढरी चार ही पट्टी अडकत होती, मला अजून ऐकू येते.

---

बडोद्याची सून

काकू, पांढरी चार! अगदी डोळ्यांसमोर आलं. हार मात्र नऊच्या नऊ ताजे असणार, हे न सांगता कळलं.

---

लष्करकर

काकू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आता भाचीने जे सांगितलं ते लिहितो, कारण माझं मत त्याने फिरलं.

चेम्निट्झने अर्जात २०१८ लपवलं नाही. त्या ऑगस्टमध्ये तिथे परकीयांविरुद्ध दंगल झाली होती, जगभरच्या बातम्यांत गाव बदनाम झालं. दुसरं कुणी असतं तर अर्जात बाखपासून सुरुवात केली असती. यांनी म्हटलं, आमच्याकडे एकमेकांशी न बोलणारी माणसं आहेत, आणि त्यांना आम्हाला बोलतं करायचंय. घोषवाक्यही तसंच, न दिसलेलं बघा अशा अर्थाचं.

आणि त्यातला एक कार्यक्रम म्हणजे गॅरेज. हो, मोटारी ठेवायचे गॅरेज. पूर्व जर्मनीच्या काळात लोकांनी स्वतः विटा जमवून ते बांधले. गावभर हजारोंनी आहेत, आणि माणसं संध्याकाळी तिथे जाऊन बसायची. '३००० गॅरेज' असं प्रकल्पाचं नाव. भाची एकदा गेली. म्हणाली, "मामा, एका आजोबांनी लाकडी दार उघडलं. आत गाडी नव्हतीच. भिंतीवर नट आवळायचे पाने मापाप्रमाणे टांगलेले, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने बाह्यरेषा काढलेली, म्हणजे कुठला नाही ते लगेच कळावं. एक पाना नव्हता. मी विचारलं कुठे गेला, तर म्हणाले, १९८७ मध्ये शेजाऱ्याने नेला." आजोबा आणि तो शेजारी नंतर बोललेच नाहीत म्हणे. राजधानीच्या वर्षी शेजारी आला, पाना न घेता, पण आला.

हे त्यांच्या परीक्षकांना ऑपेरापेक्षा महत्त्वाचं वाटलं. मला आधी हसू आलं होतं.

---

हिशेबनीस

ही गोष्ट चांगली आहे. पण गॅरेज बघायला कोण तिकीट काढून येतं?

---

लष्करकर

इटलीतलं मातेरा बघा. तिथे लोक डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये जनावरांसकट राहायचे. १९५० च्या दशकात 'देशाची लाज' म्हणून सरकारने सुमारे पंधरा हजार माणसं तिथून हलवली. तेच मातेरा सिएना, रावेन्ना, पेरुज्जा यांना मागे टाकून २०१९ मध्ये राजधानी झालं. तिकिटाऐवजी त्यांनी 'पासपोर्ट' काढला, १९ युरोचा. वर्षभर सगळे कार्यक्रम, आणि तुम्ही त्या वर्षापुरते गावचे नागरिक.

आणि एस्सेनने २०१० मध्ये शेजारच्या गावांना घेऊन त्रेपन्न गावांची मिळून पदवी घेतली. १८ जुलैला त्यांनी ए-४० हा महामार्ग साठ किलोमीटर बंद केला आणि त्यावर टेबलं मांडली. कुणी भजी... म्हणजे त्यांचं जे काय ते खात होतं, कुणी लग्न लावलं, कुणी कोरस म्हटला. तीस लाख लोक आले. कल्पना करा, आपला आग्रा-मुंबई रस्ता ग्वाल्हेरपासून पार शिवपुरीच्या दिशेने अर्ध्यापर्यंत बंद, आणि मध्ये सतरंज्या.

---

पुणेकर जावई

पुण्यात महामार्ग रोजच बंद असतो, टेबलं तेवढी राहिली. (हे मात्र मी कबूल करतो.)

---

शुद्ध निषाद

गंमत बाजूला. आपलं 'परिमाण' शोधायचं तर ते मास्तरांच्या यादीत आहे, फक्त त्यांना दिसत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लाहोर! आणि इकडे भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय झालं. आपण हे 'आमचे पूर्वज' म्हणून सांगतो. जर्मनांनी हे 'आमचा मार्ग' म्हणून सांगितलं असतं आणि पुढे विचारलं असतं, आज लाहोरहून किंवा इचलकरंजीहून कोण येतंय?

तानसेन समारोहाचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये शंभरावा झाला. सकाळी हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीवर आधी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद शरीफ. एकाच चबुतऱ्यावर. बाहेरचा कुणी बघतो तर थक्क होतो. आपल्याकडे त्या सकाळी किती माणसं असतात? रात्रीच्या सभेला पासासाठी भांडणारे तिथे दिसत नाहीत.

---

कंपूवाली काकू

मी असते. मुलीला शाळेच्या स्पर्धेआधी समाधीजवळच्या त्या चिंचेचा पाला, गळा गोड होतो म्हणतात म्हणून, खायला घातला होता, सासऱ्यांचा आग्रह. आंबट तोंड करून गायली आणि तिसरी आली. अजून मला बोलते.

लष्करकर, गॅरेजचं वाचून मला एक सुचलंय, हसू नका. आमच्या वाड्यात खाली रस्त्याच्या बाजूला सासऱ्यांची शिकवायची खोली आहे. ते गेल्यापासून बंद. दोन तानपुरे गवसणीत, एक पेटी, आणि भिंतीवर खडूने लिहिलेली नावं: कोणाचा कोणता वार. सोमवारी कोण, मंगळवारी कोण. आम्ही रंग दिला नाही तिथे. दार उघडलं तर कुणी येईल का? म्हणजे ज्यांची नावं आहेत ती माणसं. काही भोपाळला, काही पुण्याला, एक तर अमेरिकेत.

---

राजवाड्याजवळची

काकू, मी येईन. माझी आई शिंदे की छावनीत राहायची, लग्नाआधी तुमच्या कंपू भागात कुणाकडे तरी शिकायला जायची. बुधवार होता तिचा. नावं वाचून सांगाल?

---

कंपूवाली काकू

बुधवारी चार नावं आहेत. तीन वाचता येतात, चौथ्यावर ओल आली आहे, नुसता 'सु' दिसतो.

---

राजवाड्याजवळची

सुनंदा.

---

लष्करकर

(हे वाचून मी थोडा वेळ काही लिहिलं नाही.)

काकू, कट्टा येत्या रविवारी तुमच्याकडे. मास्तरांना मी आणतो. त्यांना युरोपचं काही सांगणार नाही, फक्त पेटीची पांढरी चार बघायला आणतोय म्हणतो, त्यांना पेट्या दुरुस्त करता येतात. गजक माझ्याकडे.

---

कंपूवाली काकू

या. पण कुलपाची किल्ली माझ्या दिरांकडे आहे, ते भोपाळला. फोन केलाय, शनिवारच्या गाडीने कुणाबरोबर तरी पाठवतो म्हणाले.

---

हिशेबनीस

चांगलं चाललंय. फक्त त्या खोलीचं वीजकनेक्शन अजून चालू आहे का, तेवढं बघून ठेवा. इतकी वर्षं बंद म्हणजे मीटर काढून नेला असेल.